सत्तावीस शेपट्या

८ जानेवारी १९३४, सोमवार. सोलापूर.

पोचले एकदाची. गाडी तासभर उशिरा आली, अंगभर कोळशाची पूड, आणि यमूने कुर्डुवाडीला जो सूर लावला तो सोलापूरच्या फलाटावर मडमबाईंची टोपी पाहूनच थांबवला. टोपी आहेच तशी पाहण्याजोगी. बाई पन्नाशीच्या, काटक, उन्हाने नाकाची साल निघालेली. डॉक्टर ब्रांट त्यांचे नाव. मुंबईला मुलाखत घेतली तेव्हा एकदाही हसल्या नव्हत्या. आज त्यांनी मला पाहिले, कडेवरच्या यमूला पाहिले आणि म्हणाल्या की पत्रात दोन माणसे येणार असे नव्हते. मी म्हटले, दुसरे माणूस नऊ महिन्यांचे आहे, जागा फार घेत नाही. तेव्हा हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

हे गेले त्याला वर्ष झाले. यमूने त्यांना पाहिलेच नाही. धुळ्याहून निघताना भावोजी म्हणाले होते, सरोजिनीवहिनी, मुलीला इथे ठेवा, महिन्याभरात तुम्हीही परत याल. परत जायचे नाही. वर्षभर वानरांची टिपणे नीट ठेवली तर बाई त्यांच्या देशातल्या विद्यापीठात माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. बी.एस्सी.चा कागद ट्रंकेत ठेवून मला भाकऱ्या थापायच्या नाहीत.

दुपारभर सात रस्ता चौकात खरेदी. कंदील, पुठ्ठ्याच्या बारा वह्या, पेन्सिली, यमूला दुपटी. कागदवाल्या शेखलालमियाँना कामाचे स्वरूप सांगितले तर ते बाईंकडे बघतच राहिले. "बंदराँ देखने कू इत्ती दूर से आये?" मी होय म्हटले. त्यांनी कीव येऊन एक पेन्सिल फुकट दिली.

१० जानेवारी. निंबहळ्ळी.

अक्कलकोट रोडला उतरून बैलगाडीने तीन तास. गाडीवान ईश्वरप्पा हाच आमचा सगळा बाहेरचा कारभार पाहणार: पाणी, टपाल, दुर्बिणीची तिपायी घोडी उचलणे. मोजके बोलतो, अर्धे मराठी, अर्धे कानडी. दोन्ही बाजूंना शाळूची कणसे डोलत होती. बाई घरी पत्र लिहिताना याला परदेश म्हणतात; खरे सांगायचे तर मलाही तो परदेशच वाटला.

बंगला गावाबाहेर, माळावर आहे. संस्थानच्या शिकारीसाठी कधीकाळी बांधलेला. दोन खोल्या बाईंच्या, एक माझी. माझ्या खिडकीतून खाली चिंचबन दिसते आणि बनाला लागून एका पडक्या धर्मशाळेची लांबच लांब भिंत. छप्पर नाही, खोल्या नाहीत, नुसती कमरेइतकी भिंत उरली आहे.

स्वयंपाकाला आणि यमूला सांभाळायला काशम्मा नावाची बाई आहे, ईश्वरप्पाची चुलती. साठीची असेल. हातांवर हिरवे गोंदण, चालताना एक पाय ओढते. तिने यमूला पाहिले आणि दारातच थबकली. मग म्हणाली, "कूस हाय व्हय? मला कुणी सांगितलं न्हाय." कूस म्हणजे तान्हे मूल. घ्यायला हात पुढे केले आणि आधी पदराला पुसले, दोनदा. यमू तिच्याकडे अशी गेली जणू ओळखच आहे.

१७ जानेवारी.

आठवडा छान गेला. कामाची घडी बसली आहे. ही माकडे नव्हेत. लाल तोंडाची माकडे वेगळी. ही काळ्या तोंडाची, करड्या अंगाची, भल्या लांब शेपटीची वानरे. सकाळी आठला सगळा कळप चिंचेवरून उतरतो आणि ऊन खायला भिंतीवर ओळीने बसतो, तोंडे उगवतीकडे. मी मावळतीच्या बाजूला टेकाडावरच्या लिंबाखाली, भिंतीपासून दोनशे पावलांवर. बाई पलीकडे विहिरीच्या कठड्याशी. त्यांना तोंडे दिसतात, मला पाठी. मोजायची युक्ती बाईंनी शिकवली: डोकी मोजू नका, ती हलतात, भिंतीवरून खाली लोंबणाऱ्या शेपट्या मोजा. देवळातल्या घंटांच्या दोऱ्यांसारख्या त्या लोंबतात. सत्तावीस. रोज दोघींचे आकडे जुळतात आणि बाई "शाबास" म्हणतात. त्यांना येणाऱ्या चार मराठी शब्दांपैकी तो एक.

मला सर्वांत गंमत वाटली ती पोरांची. परवा एक मादी व्याली. पिल्लू काळेभोर, मुठीएवढे, आणि तासाभरात ते ओळीतून फिरू लागले. शेजारणीने मांडीवर घेतले, हुंगले, पुढचीकडे दिले. तिने तिच्या पुढचीकडे. आई शांतपणे पाला खात होती. जिची तिची पाळी येईपर्यंत प्रत्येक जण हात पुढे करून वाट पाहते. बारशाला जमलेल्या बायका आणि ह्या, काही फरक नाही. मी चार पाने भरून लिहिले. बाईंनी ती दोनदा वाचली.

दुपारी बारा ते दोन आम्ही काम थांबवतो. बाई मच्छरदाणीत झोपतात, मी टिपणे उतरवते, काशम्मा यमूला घेऊन ओढ्याकाठच्या सावलीत जाते. तिथे गारवा असतो म्हणे. यमू झोपूनच परत येते.

२ फेब्रुवारी.

आज थोडी फजिती झाली. हात मोकळा होता म्हणून शेपट्यांबरोबर पाठीही मोजल्या. शेपट्या सत्तावीस, पाठी अठ्ठावीस. पुन्हा मोजल्या. तेच. भिंतीच्या दक्षिणेच्या टोकाला, माद्यांच्या ओळीत शेवटी, एक जण थोडे अंतर ठेवून बसली होती. करडीच, पण अंगाने मोठी, खांदे पडलेले. तिच्याखाली भिंत मोकळी होती. शेपूट नव्हती.

बाईंना सांगितले. त्यांनी वही उघडून दाखवली: तोंडे सत्तावीस. दक्षिण टोकाला कुणीही नव्हते. शेपटीवाचून वानर नसते, असे म्हणून त्यांनी मला उद्या डोळ्यांत थंड पाण्याचे हबके मारून यायला सांगितले. रागावल्या नाहीत, पण 'शाबास'ही नाही.

दुर्बीण उचलताना ईश्वरप्पाला सहज विचारले, त्या टोकाला तुला कोण दिसते. तो भिंतीकडे न बघताच घोडी मिटू लागला. म्हणाला, "आमी तिकडं मोजत न्हाय बाई."

११ फेब्रुवारी.

रोज अठ्ठावीस पाठी. वहीत मी सत्तावीसच लिहिते. खोटे लिहायला नको वाटते, पण खरे लिहिले तर माझी नोकरी जाईल.

आज पहाटे आणखी एक पिल्लू झाले. आठ वाजता ओळीतून फिरू लागले. मी दुर्बिणीतून त्याच्या मागोमाग गेले. चौथी, पाचवी, सहावी. सहावीने घेतले, हुंगले आणि पुढे केले. पुढे ती होती. दोन हातांनी घेतले तिने. आमच्यासारखे, डोक्याखाली तळहात देऊन. मग पुढे वाकली. तिची पाठ बराच वेळ तशीच वाकलेली होती. मला पिल्लू दिसेना.

तिने ते परत दिले तेव्हा त्याची मान लोंबत होती.

बाईंच्या वहीत: पिल्लू ८-२५ च्या सुमारास भिंतीच्या दक्षिण टोकाला पडले. नुसते दगडावर पडलेले त्यांनी पाहिले.

१४ फेब्रुवारी.

आई तीन दिवस ते मेलेले पिल्लू छातीशी धरून हिंडत होती. आज तिने टाकले. बाईंनी टेबलावर घेऊन तपासले, मी बाजूला कागद धरून उभी. हाड मोडलेले नाही. दात लागलेला नाही. पोटात थेंब नाही. बाईंनी चिमट्याने जबडा उघडला. तोंड आतून पांढरे होते. बारीक, कोरडी राख, घशापर्यंत भरलेली.

बाई म्हणाल्या, वानरे माती खातात, कुणाच्या चुलीची राखही खात असतील, हे नवे आहे, लिहून ठेवा. एका दिवसाचे पिल्लू राख कसे खाईल, हे मी विचारले नाही. लिहून ठेवले.

काशम्मा दारात उभी राहून पाहत होती. तिने टेबलाकडे पाहिले आणि तिथेच खाली बसली. उन्हाने झाले म्हणाली.

२२ फेब्रुवारी.

दुसरे पिल्लूही गेले. जानेवारीतले, ते बागडू लागले होते. तसेच. तीच जागा, तीच राख.

भावोजींचे पत्र आले. मुलीची तब्येत कशी आहे, तिच्यासाठी तरी या. मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण यमू आठ दिवस दुपारनंतर अंगावर पीत नाही. तोंड फिरवते, पोट भरल्यासारखी. काशम्मा म्हणते मऊ भात चारते मी, त्यानं भागतं. पण यमू वाळली आहे. मनगट माझ्या दोन बोटांत मावते. आणि तिला नवीन खोड लागली आहे. कुणी घेतले की ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या खांद्यावरून मागे बघते आणि हसते.

३ मार्च.

बाईंच्या मनात नवीन निघाले आहे. आमच्या वहीत दुपारचे बारा ते दोन रोज कोरे आहे. दोन पिल्ले मेली आणि कळप भर उन्हात काय करतो ते आम्हाला ठाऊक नाही. सोमवारपासून दुपारीही बसायचे. त्या स्वतः विहिरीपाशी मोठा कॅमेरा लावणार.

संध्याकाळी काशम्माला सांगितले. तिच्या हातातले ताट पडले. म्हणाली, दुपारी नका बसू बाई, ऊन बाधतं. मी म्हटले, तू यमूला घरातच ठेव. व्हय म्हणाली. माझ्याकडे न बघता.

५ मार्च, सोमवार.

आज घडले ते घडले तसे लिहून काढते.

१२-००. वारा नाही. वानरे झाडावर झोपलेली, भिंत रिकामी. रिकामी म्हणजे टोकाला ती. एकटी. तशीच पाठमोरी.

१२-१०. एकेक करून सगळा कळप उतरला. उन्हात कशाला उतरतील? भिंतीवर बसले. कुणी कुणाचे अंग निवडत नाही, कुणी खात नाही. सगळ्यांच्या माना तिच्या बाजूला.

१२-१५. ओढ्याकडून काशम्मा आली. पाय ओढत. कडेवर यमू.

आधी मला काही वाटलेच नाही. माझी मुलगी आहे, काशम्माकडे आहे, इतकेच. ती भिंतीच्या टोकापर्यंत गेली. यमूच्या डोक्यावरचे टोपडे काढले. यमूने दोन्ही हात पुढे केले. आणि काशम्माने तिला त्या पाठीच्या पलीकडे, त्या मांडीवर दिले.

त्या अंगाच्या एका बाजूला मला यमूचे पाय दिसत होते. हलत होते. ती पाठ हळूहळू वाकली. पाय थांबले.

मी ओरडले की नाही आठवत नाही. दोनशे पावले. चप्पल राहिली, काटे रुतले ते नंतर कळले. वानरांनी मला वाट दिली. कुणी दात विचकले नाहीत, कुणी हलले नाही. भिंतीच्या टोकाला कुणी नव्हते. यमू दगडावर पडली होती, डोळे उघडे. त्या तापलेल्या दगडावर तिचे अंग गार होते. माठासारखे गार.

ओठांना राख. मी बोट घातले. जिभेवर राख.

काशम्मा हात जोडून उभी होती. मी तिला मारले. म्हातारीच्या तोंडात मारली. ती हललीसुद्धा नाही. म्हणाली, "घटकाभरच देत व्हते बाई. रोज घटकाभर. माघारी देती की ती. आजवर दिलीया."

रोज.

६ मार्च.

यमू माझ्या मांडीवर आहे. कालपासून खाली ठेवलेली नाही. जगेल असे वाटते. कोमट पाणी चमच्याने पोटात गेले. माझे दूध घेत नाही. तोंडाशी लावले की रडते.

ईश्वरप्पा काशम्माला घेऊन आला. ती पायरीखालीच बसली. बाईंनी मला एकेक वाक्य इंग्रजीत सांगायला लावले.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालची गोष्ट. सोळा वर्षे झाली. गावात रोज दहा-दहा माणसे जात होती. राहिलेल्यांनी घरे सोडून रानात झोपड्या घातल्या. काशम्माची सून शिवबाई, मोहोळकडची, विशीची, अंगावर पिते पोर. तिला ताप भरला. झोपडीत घेतली तर सगळे जातील म्हणून तिला धर्मशाळेत बसवली. एक घागर, दोन भाकरी. आणि पोर?

"पोर तरी उचलायचं व्हतं मी," काशम्मा म्हणाली. "तिनं दोन्ही हातानं पुडं केलं. आत्या, ह्येला तरी घ्या म्हणली. मला भ्या वाटलं. पोराच्या अंगात बी आसंल तर. मी हात मागं घेतलं बाई. माझं हे हात."

चौथ्या दिवशी गेले तर शिवबाई भिंतीला टेकून बसलेली, गेलेली. मांडी रिकामी. पोर वर चिंचेवर, एका वानरीच्या छातीशी. दगड मारले तर ती आणखी उंच गेली. दोन दिवस पोर रडत होते. या मांडीवरून त्या मांडीवर. मग गप्प झाले. तरी त्या ते देत-घेत होत्या. किती दिवस, ते काशम्माने सांगितले. मी बाईंना सांगितले नाही.

"आमच्यात मानसाला बसवून पुरत्यात," ती म्हणाली. "खड्डा खणाया कोण व्हतं? बसली व्हती तशीच पेटवली."

तेव्हापासून शिवबाई ओळीत शेवटी बसते. वानऱ्या एकमेकींना पोर देतात, कधीतरी तिचे तिच्यापर्यंत येईल म्हणून. पाजायला बघते. पण तिच्या अंगात आता दुधाऐवजी…

बाई उठून आत गेल्या. मी विचारले, माझीच मुलगी का. काशम्माने आपल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाली की यमूला दिल्यापासून शिवबाई तिच्या स्वप्नात येऊन हात पुढे करत नव्हती. सोळा वर्षांत तिला पहिल्यांदा झोप लागली होती.

७ मार्च.

बाईंनी न्हाणीघरात कॅमेऱ्याच्या काचा धुतल्या. सोमवारची एकच होती, सव्वाबाराची. काळ्या कापडाखाली डोके होते, सगळे उलटे दिसत होते, म्हणून त्या वेळी त्यांना काही कळले नव्हते.

मला बोलावले. खिडकीसमोर काच धरली.

ओळीने सत्तावीस तोंडे. सगळी एकीकडे वळलेली. काशम्मा हात जोडून. तिच्यापुढे यमू. आडवी. मान किंचित वर, कुणीतरी तळहाताने उचलून धरल्यासारखी. तिच्याखाली काही नाही. भिंत वीतभर खाली.

बाईंनी काच टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून फोडली. मग खुर्चीवर बसून शिफारशीचे पत्र लिहिले. वर्ष पुरे झाल्यासारखे. पाकीट माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, उद्याच जा. मी विचारले, आणि तुम्ही? मला मूल नाही, म्हणाल्या.

८ मार्च. सकाळ.

आवरले. निघण्याआधी शेवटची म्हणून खिडकीतून दुर्बीण लावली. शेपट्या सत्तावीस. पाठी सत्तावीस. तीनदा मोजल्या. टोकाचा दगड रिकामा. उन्हात नुसता दगड.

रडू आले. सुटले म्हणून.

काशम्मा फाटकाशी उभी होती. जवळ आली नाही. ओरडून एवढेच म्हणाली की भिंतीवर आज ती न्हाय. मी तिच्याकडे पाहिले नाही. आता वाटते पाहायला हवे होते. तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

८ मार्च. मोटारीत.

ईश्वरप्पाने फाट्यावर सोडले. लिंबाखाली अर्धा तास उभी होते. सोलापूरची सर्व्हिस मोटार आली. पुढे पुरुष, मागे आडव्या बाकांवर आम्ही बायका. माणसे पाहून इतके बरे वाटले. कांद्याची पोती, कुणाची तरी कोंबडी, तंबाखूचा वास. सगळे छान आहे.

शेजारी म्हाळसाबाई म्हणून आहेत, बार्शीच्या. सुनेला घेऊन अक्कलकोटला दर्शनाला आल्या होत्या. मला पेंगताना पाहून त्यांनी यमूला मागून घेतले. आधी मी देईना. "आवं द्या की, खात न्हाय मी," म्हणाल्या. दिली. तीन दिवसांत पहिल्यांदा हात मोकळे आहेत. म्हणून लिहिते आहे.

यमू हसली! म्हाळसाबाईंच्या बोरमाळेशी खेळते आहे.

आता त्यांच्या सुनेकडे गेली, फुलाबाईकडे. पोर हलकं हाय लई, म्हणते. सोलापुरात डॉक्टरला दाखवीन. मग धुळे. भावोजींना म्हणायचे ते म्हणू देत.

समोरच्या बाकावर कमरुन्निसाबी, बांगड्यांची पाटी घेऊन. त्यांनीही हात पुढे केले. "लाओ मेरे कने." यमूला काचेची बांगडी दिली चघळायला. मोटार फार हादरते, अक्षर नीट येत नाही. डोळे मिटताहेत.

झोप लागली वाटते. किती वेळ कोण जाणे. तळ्याचे पाणी दिसू लागले, म्हणजे सोलापूर आलेच. यमूचा आवाज नाही. कमरुन्निसाबींच्या पलीकडे, कोपऱ्यात, पोत्यांना टेकून एक बाई आहे, तिच्याकडे दिलेली दिसते. डोक्यावरून पदर, तोंड बाहेरच्या बाजूला. मला पाठच दिसते. निजवते आहे बहुतेक, वाकली आहे. मायाळू दिसते.

यमूचे पाय दिसतात. हलत नाहीत. निजली.

म्हाळसाबाईंना विचारले, ती कोपऱ्यातली तुमच्यापैकी का.

"आमची? न्हाय की. तुमच्याच मागनं चढली नव्हं का ती, फाट्यावर? आमी म्हणलं, तुमची पोर सांभाळणारी."

माझ्या मागून तर कुणी—